वाहनाचा क्रमांक कोणाचा?

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणाऱ्या मार्गावर फर्दापूरजवळ अजिंठा लेण्यांकडे वळणारा फाटा आहे. लेण्यांच्या परिसरास वाहनांच्या धुराचा उपद्रव होऊ नये म्हणून पर्यटकांच्या खाजगी गाड्या येथेच थांबविण्यात येतात आणि पुढचा प्रवास राज्य परिवहन महामंडळाच्या बसने होतो. त्यामुळे सुटीच्या दिवशी येथील वाहनतळावर अनेक जिल्ह्यांच्या व राज्यांच्या पाट्या एकत्र पाहावयास मिळतात. एमएच २० ही या जिल्ह्याची, एमएच १९ ही शेजारच्या जळगावची, एमएच २८ ही बुलढाण्याची, तर एमपी आणि जीजे या अक्षरांनी सुरू होणाऱ्या गाड्या मध्य प्रदेश व गुजरातमधून आलेल्या. "गाडी कुठल्या पासिंगची?" या प्रश्नाचे उत्तर गावातील शाळकरी मुलेही पाटी पाहून देतात.

या पाट्यांमध्ये काही क्रमांक सहज लक्ष वेधून घेतात. कोणाचा ०००१, कोणाचा ९९९९, तर कोणाचा ४१४१. हे क्रमांक बहुधा योगायोगाने मिळालेले नसतात. त्यांसाठी शुल्क भरलेले असते. साहजिकच मालकास वाटते की क्रमांक आपण विकत घेतला, तेव्हा तो आपला झाला. जुनी गाडी विकली तरी तो नव्या गाडीवर लावता येईल, किंवा मुलाच्या नावे करून देता येईल. ही समजूत कितपत बरोबर आहे, आणि क्रमांकाच्या या हौसेपेक्षा अधिक महत्त्वाची अशी कोणती बाब दुर्लक्षित राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्रमांकाची घडण

देशात सध्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ अमलात आहे. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला व त्याने १९३९ च्या अधिनियमाची जागा घेतली. या अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. कलम ४१ अन्वये नोंदणी प्राधिकारी प्रत्येक वाहनास एक नोंदणी चिन्ह नेमून देतो. यालाच आपण व्यवहारात गाडीचा नंबर म्हणतो.

या चिन्हाचे चार भाग असतात. पहिली दोन अक्षरे राज्याची, त्यापुढील दोन अंक नोंदणी कार्यालयाचे, त्यानंतरची अक्षरे मालिकेची आणि शेवटी चार अंकांपर्यंतचा क्रमांक. एका मालिकेत ९९९९ पर्यंत क्रमांक दिले गेले की पुढील अक्षरांची नवी मालिका सुरू होते. इंग्रजी आय आणि ओ ही अक्षरे एक व शून्य या अंकांसारखी दिसत असल्याने ती मालिकेत वापरली जात नाहीत. रात्री रस्त्यावर अपघात करून पळालेल्या वाहनाचा क्रमांक एखाद्या वाटसरूने ओझरता पाहिला तरी त्यावरून नेमकी गाडी व तिचा मालक शोधता यावा, हा या सर्व रचनेचा हेतू आहे. क्रमांक ही शोभेची वस्तू नसून ओळखीचे साधन आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

पसंतीच्या क्रमांकाची सोय

असे असले तरी लोकांची आवड शासनाने विचारात घेतलेली आहे. शुभ मानलेला अंक, जन्मतारीख, जुन्या गाडीच्या क्रमांकाशी साम्य असलेला अंक, अशी पसंतीची कारणे अनेक असतात. महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये विहित शुल्क घेऊन क्रमांक राखून ठेवण्याची तरतूद आहे. एकाच क्रमांकासाठी अनेक अर्ज आल्यास जो अधिक रक्कम देऊ करील त्याला तो मिळतो. ठरलेल्या मुदतीत वाहनाची नोंदणी झाली नाही, तर राखून ठेवलेला क्रमांक रद्द होतो व भरलेले शुल्कही परत मिळत नाही.

हे शुल्क ऑगस्ट २०२४ मध्ये वाढविण्यात आले. चारचाकी वाहनासाठी ०००१ या क्रमांकाचे शुल्क ३ लाख रुपयांवरून ५ लाख रुपये झाले. दुचाकी व तीनचाकीसाठी ते ५० हजारांवरून १ लाख रुपये झाले. मुंबई, पुणे यांसारख्या अधिक मागणीच्या ठिकाणी चारचाकीसाठी ६ लाख रुपये ठरविण्यात आले. लिलावात हौस कोठवर जाऊ शकते याचे उदाहरण नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात दिसले. तेथे एका क्रमांकासाठीची ऑनलाइन बोली १ कोटी १७ लाख रुपयांपर्यंत चढली. परंतु बोली जिंकणाऱ्याने पुढे ती रक्कम भरलीच नाही.

क्रमांक मालकाचा की गाडीचा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शुल्क भरून मिळतो तो निवड करण्याचा हक्क. क्रमांकाची मालकी मिळत नाही. नोंदणी चिन्ह हे त्या वाहनाच्या सांगाड्याच्या व इंजिनाच्या क्रमांकांशी जोडलेले असते. म्हणून गाडी विकली की सामान्यतः क्रमांक गाडीबरोबर जातो. जुना क्रमांक नव्या गाडीवर नेणे ही मालकाच्या इच्छेवर अवलंबून असलेली बाब नाही. नियमांत तरतूद असेल तेवढ्याच मर्यादेत, विहित शुल्क भरून आणि नोंदणी प्राधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच ती होऊ शकते.

ऑगस्ट २०२४ च्या सुधारणेने महाराष्ट्रात या संदर्भात एक सवलत दिली. शुल्क भरून घेतलेला पसंतीचा क्रमांक पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी अशा निकटच्या कुटुंबीयांच्या नावे करण्यास मुभा मिळाली. तत्पूर्वी तशी परवानगी नव्हती. गुजरात, दिल्ली यांसारख्या ठिकाणी जुन्या गाडीचा क्रमांक त्याच मालकाच्या, त्याच प्रकारच्या नव्या गाडीसाठी राखून ठेवण्याची सोय करण्यात आली आहे. तेथेही जुन्या गाडीला दुसरा क्रमांक दिला जातो. एक क्रमांक दोन गाड्यांवर कधीही राहू शकत नाही.

या बाबतीत ब्रिटनचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथे १९०४ पासून वाहनावर क्रमांक लावणे सक्तीचे झाले. आवडता क्रमांक एका मोटारीवरून दुसऱ्या मोटारीवर नेण्याची पद्धत तेथे रुळलेली असून त्यासाठी ८० पौंड शुल्क आकारले जाते. गाडी नसताना क्रमांक प्रमाणपत्राच्या रूपाने राखूनही ठेवता येतो. परंतु इतकी मोकळीक असूनही तेथील कायदा क्रमांकास खाजगी मालमत्ता मानत नाही. नागरिकास मिळतो तो तो क्रमांक वापरण्याचा अधिकार. शिवाय गाडी आहे त्याहून नवी भासेल असा क्रमांक तिला लावता येत नाही, अशीही अट आहे.

बदलीच्या नोकरीत असलेल्या वाचकांना येथे आणखी एका सोयीची माहिती उपयोगी पडेल. राज्य बदलले आणि वाहन तेथे बारा महिन्यांहून अधिक काळ राहिले, तर कलम ४७ प्रमाणे नवा क्रमांक घ्यावा लागतो. हा त्रास वाचावा म्हणून १५ सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका सुरू झाली. संरक्षण दलांतील कर्मचारी, केंद्र व राज्य शासनाचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी आस्थापनांतील कर्मचारी यांना ती घेता येते. राज्य बदलले तरी हा क्रमांक तोच राहतो. कर दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत भरावयाचा असतो.

पाटीची हौस

क्रमांकाबरोबरच पाटीविषयीही गैरसमज आहेत. ४१४१ हे अंक मराठीत थोडे वळवून लिहिले की 'दादा' असे वाचता येते. ग्रामीण भागात ही हौस विशेष. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मात्र पाटीवरील अक्षरे इंग्रजी आणि अंक आंतरराष्ट्रीय वळणाचेच असले पाहिजेत. नावासारखी दिसणारी पाटी कितीही आकर्षक वाटली तरी ती दंडास पात्र ठरते. जी पाटी वाचताच येत नाही, तिने ओळख पटविण्याचा मूळ हेतूच विफल होतो.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक आहे. तिच्यावर अशोकचक्राचे होलोग्राम व लेसरने कोरलेला कायमचा ओळख क्रमांक असतो आणि ती एकदा बसविली की न मोडता काढता येत नाही. त्याआधीच्या वाहनांनाही राज्यात ही पाटी सक्तीची करण्यात आली व त्यासाठीची मुदत २०२५ मध्ये वेळोवेळी वाढविण्यात आली. एका गाडीची पाटी काढून दुसऱ्या गाडीवर लावणे याला क्रमांकाचे हस्तांतरण म्हणत नाहीत. तो फौजदारी स्वरूपाचा अपराध होय.

नावाची नोंद अधिक महत्त्वाची

क्रमांकासाठी हजारो रुपये मोजणारा मालक पुष्कळदा गाडी विकताना मात्र निष्काळजी असतो. समजा, फर्दापूरच्या एका शेतकऱ्याने आपली मोटारसायकल पहूरच्या एका गृहस्थास विकली. पैसे मिळाले, 'टीटी फॉर्म' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कागदांवर सह्या झाल्या, चावी दिली. खरेदीदाराने ते कागद घरी ठेवून दिले. वर्षभराने त्या गाडीने एका पादचाऱ्यास धडक दिली आणि गाडीचा विमा उतरविलेला नव्हता. नुकसानभरपाईच्या दाव्याची नोटीस कोणाच्या दारी येईल? फर्दापूरच्या शेतकऱ्याच्या.

हा नुसता तर्क नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. एक मोटार एकामागून एक अनेकांना विकली गेली, पण नोंदणी पुस्तकात नाव पहिल्याच मालकाचे राहिले. नंतर त्या मोटारीने अपघात झाला. ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच कायद्याने मालक होय आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा निर्णय न्यायालयाने दिला. वाहतूक नियमभंगाची ई-चलने तर रोजच नोंदणीतील मालकाच्या नावे निघतात.

हे टाळण्याची रीत अवघड नाही. कलम ५० प्रमाणे विक्रेत्याने हस्तांतरणाची सूचना नमुना २९ मध्ये १४ दिवसांच्या आत द्यावयाची असते, तर खरेदीदाराने नमुना ३० मध्ये ३० दिवसांच्या आत अर्ज करावयाचा असतो. विम्याची पॉलिसी आपल्या नावे करून घेण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. गाडीवर बँकेचे वा पतसंस्थेचे कर्ज असेल, तर ते फेडून नमुना ३५ द्वारे बोजा उतरविणे आवश्यक आहे. वरील उदाहरणातील पहूर जळगाव जिल्ह्यात असले तरी राज्य एकच असल्यामुळे गाडीचा एमएच २० चा क्रमांक बदलत नाही. तीच गाडी बऱ्हाणपूरच्या गिऱ्हाइकास विकली तर मात्र नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते.

मालकाच्या मृत्यूनंतर गाडी तशीच वापरत राहण्याची प्रथाही सर्रास आढळते. वारसाने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविले, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत ती गाडी वापरता येते व त्या अवधीत नमुना ३१ मध्ये अर्ज करून ती आपल्या नावे करून घ्यावयाची असते. वडिलांची आठवण म्हणून क्रमांक जपणाऱ्या मुलाने आधी नोंदणी पुस्तकातील नाव बदलून घेतले पाहिजे. गाडी नावावर झाली की तिच्यासोबत क्रमांकही त्याच्याकडे येतो.

गावपातळीवर काय करता येईल?

या कामी ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरावरील कर्मचारी बरेच साहाय्य करू शकतात. ग्रामसभेत नमुना २९ व ३० यांची माहिती द्यावी. गावात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे असतील, तर १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यावसायिकांना नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले आहे, हे त्यांच्या व ग्राहकांच्याही निदर्शनास आणावे. शाळेच्या सहलीसाठी गाडी ठरविताना तिची पाटी व नोंदणी प्रमाणपत्र जुळते की नाही, हे मुख्याध्यापकांनी अवश्य पाहावे. पंचायतीच्या मालकीची वाहने असल्यास त्यांच्या नोंदणीची तारीखही तपासावी. कारण पंचायतींसह शासकीय संस्थांच्या पंधरा वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे.

पसंतीचा क्रमांक घेण्यात गैर असे काही नाही. त्यासाठी भरलेली रक्कम शासनाच्या तिजोरीत जमा होते आणि नागरिकाची हौसही पुरी होते. मात्र फाट्यावरच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या ०००१ क्रमांकाच्या गाडीची आणि तिच्या शेजारच्या साध्या क्रमांकाच्या गाडीची किंमत कायद्याच्या दृष्टीने सारखीच आहे. दोहोंच्या बाबतीत विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे नोंदणी पुस्तकात नाव कोणाचे आहे? गाडी विकली त्याच आठवड्यात याचे उत्तर बदलून घेणे हे प्रत्येक वाहनमालकाच्या हिताचे आहे.