लाकडाला गुळगुळीत हात : सँडिंग बँडचा घरगुती वापर

रेहल, बाळाचा पाळणा, दादीच्या काळातले स्टूल, मसाल्याचा लाकडी डबा. आपल्या घरांतल्या या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पण वापराने त्यांच्या कडा खडबडीत होतात, मुलांच्या बोटात कूस शिरते आणि मग वस्तू माळ्यावर जाते. सुताराला एवढ्याशा कामासाठी वेळ नसतो. हे काम घरीही होऊ शकते. सपाट भागाला साधा पॉलिश पेपर पुरतो; वळणदार भागासाठी आज बाजारात सँडिंग बँड मिळतात. त्यांच्याविषयी आम्ही इथे थोडे सविस्तर सांगत आहोत.

बँड म्हणजे काय?

सँडिंग बँड म्हणजे पॉलिश पेपरची छोटी नळी. ती रबराच्या दट्ट्यावर चढवतात आणि दट्ट्या हातात मावणाऱ्या छोट्या रोटरी यंत्राला लावतात. दट्ट्याचा स्क्रू आवळला की रबर दाबले जाऊन फुगते आणि बँड घट्ट बसतो. साधारण १३ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर अशा दोन जाडीचे बँड जास्त वापरले जातात. रेहलीच्या दोन फळ्या जिथे एकमेकींत गुंततात तो सांधा, जाळीची नक्षी, पाळण्याच्या दांड्यांची वळणे, अशा ठिकाणी बोट पोहोचत नाही. तिथे हा बँड पोहोचतो.

बँडवरचा आकडा नीट पाहावा. ६० नंबर खरखरीत, १२० मध्यम, २४० बारीक. आकडा वाढला की दाणा बारीक होतो. ६० वरून थेट २४० वर उडी मारू नये. आधीचे ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश लावल्यावर उठून दिसतात.

काम कसे करावे?

पृष्ठभागावर पेन्सिलीने हलक्या रेघा माराव्यात. रेघा पुसल्या गेल्या की सगळीकडे सारखे घासले गेले असे समजावे. यंत्राचा वेग कमी ठेवावा. ही यंत्रे मिनिटाला ३० हजारांहून अधिक फेरे घेऊ शकतात. त्या वेगाने लाकूड करपते आणि काळा डाग पडतो. जोर देऊ नये, एका जागी थांबू नये. सपाट फळीवर बँड वापरला तर खळगे पडतात. तिथे लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हातानेच घासावे.

बँडचे काम झाले की शेवटचा हात लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावा. मग ओलसर फडके पुसून लाकूड वाळू द्यावे. बारीक तंतू वर येतात. ते २४० नंबरने हलकेच काढले की लाकूड तळहातासारखे मऊ लागते. बँडमध्ये भुसा अडकला तर चालू बँडला क्रेप रबराचा तुकडा हलका टेकवावा. बँड साफ होतो आणि जास्त दिवस चालतो.

धूळ हलकी समजू नका

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केली. रोज, वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या कारागिरांना धोका जास्त आहे; पण घरातही एन-९५ मास्क आणि चष्मा हवाच. नकाब किंवा ओढणीचा पदर म्हणजे मास्क नव्हे. उलट ओढणी, हिजाबचे सुटे टोक, कुर्त्याची सैल बाही फिरत्या यंत्रात गुंतू शकते. ती आधी आवरून घ्यावी. कापडी हातमोजेही घालू नयेत. काम गॅलरीत किंवा अंगणात करावे, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे.

जुन्या रंगवलेल्या पाळण्याबाबत आमची खास विनंती आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत ठेवण्याचा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते थोड्या प्रमाणातही घातक असते. असा रंग घासला की तेच विष धूळ बनून घरभर पसरते. म्हणून रंगीत जुन्या पाळण्याला यंत्र लावू नये. दादापरदादांची आठवण म्हणून तो जपावा, पण बाळाला त्यात निजवू नये.

जवसाचे तेल लावणार असाल तर तेलकट फडक्याचा बोळा करून टाकू नका. तो आपोआप पेट घेऊ शकतो. फडके पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मुलांना काय द्यावे?

यंत्र मुलांच्या हाती देऊ नये. पण साध्या, रंग नसलेल्या लाकडाचा तुकडा आणि बारीक पॉलिश पेपर जरूर द्यावा. घासता घासता खडबडीत लाकूड आपल्या मेहनतीने मऊ होते, हे त्यांच्या बोटांना कळते. सावंतवाडीची लाकडी खेळणी असोत की सहारनपूरचे शिसवी नक्षीकाम, या हुनरामागे असेच घासणारे हात असतात. मुलांनी एकदा स्वतः घासून पाहिले की कारागिराने सांगितलेल्या दामावर ती घासाघीस करणार नाहीत.