दुसरा टाकला की चौथा पडतो!

गडचिरोलीहून चंद्रपूरला येताना मूलच्या चौकात मामांची मारुती एट हंड्रेड तीनदा बंद पडली. कारण एकच. मामा दुसरा गिअर टाकायचे आणि पडायचा चौथा. मागून हॉर्न, शेजारच्या ट्रकवाल्याचं हसू, आणि मामा शांतपणे म्हणतात, "रोजचंच आहे हे."

गाडी १९९७ ची, नंबर एमएच-३३. मामांच्या घरातली पहिली चारचाकी. मामेबहीण दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आली ती याच गाडीतून. पण पुढच्या वर्षी पुन्हा पासिंग आहे. एका गॅरेजवाल्यानं 'गिअरबॉक्स गेला' म्हणून हात वर केले, आणि भंगारवाला भाव सांगून गेला. मामा जवळपास तयार झाले होते. "एकदा चंद्रपूरच्या मिस्त्रींना तर दाखवू," असं मीच म्हटलं. मिस्त्रींनी आयुष्यभर फियाट, अॅम्बेसेडर आणि जंगलात फिरणाऱ्या जीपा दुरुस्त केल्यात.

मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. इंजिन बंद ठेवून मला गिअर टाकायला लावले. लिव्हर खिचडीतल्या चमच्यासारखा चारी बाजूंनी फिरत होता. ते म्हणाले, "इंजिन बंद असताना गिअर नीट पडतात अन् चालू केल्यावर अडतात, तर क्लच पाहा. बंद असतानाच असा ढिला, तर लिंकेज पाहा. गिअरबॉक्स काहून उतरवता जी?"

लिंकेज म्हणजे लिव्हर आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या दांड्या. जुन्या जीपमध्ये हा प्रश्नच नाही, कारण लिव्हर थेट गिअरबॉक्सच्या डोक्यात उतरतो. मॅट काढा, पत्र्याची प्लेट खोला, गिअरबॉक्स समोर. जुन्या फियाट-अॅम्बेसेडरमध्ये लिव्हर स्टिअरिंगजवळ असायचा, तिथून दांड्या खाली जायच्या. एट हंड्रेडची गोष्ट वेगळी. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढे आडवं बसवलंय आणि गिअरबॉक्स त्याच्या बाजूला. लिव्हर मात्र दोन सीटच्या मधे. म्हणून गाडीच्या पोटाखालून दांडी जाते. तिच्या सांध्यांना बुश असतात. ते झिजले, की हात एक सांगतो आणि गिअरबॉक्स भलतंच ऐकतो.

आता लिव्हरचं बूड मोकळं करायचं, तर कार्पेट काढणं आलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कारण बऱ्याच गाड्यांत कार्पेटखालून वायरिंग जातं. मग गिअरचा नॉब, पुढच्या दोन्ही सीट, दाराजवळच्या पट्ट्या. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत, वर पेननं नाव. लिव्हरभोवती कार्पेट अडकलं तेव्हा मी सरळ कात्री मागितली. मिस्त्री ओरडलेच. एकदा कापलं, की त्या फटीतून धूळ, पाणी आणि आवाज कायमचे आत.

कार्पेट उचललं आणि वास आला. ओल्या गोणपाटाचा. खालचं नमदं पिळलं तर पाणी निघेल, असं. गडचिरोलीचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. मामांची नोकरी त्याच भागात होती. चिखलाच्या बुटांनी ते वर्षानुवर्षं या गाडीत बसले, आणि वरून कार्पेट कोरडं दिसलं म्हणून खालचं कुणी पाहिलंच नाही. ड्रायव्हरच्या पायाखाली मिस्त्रींनी पेचकस टेकवला. तो आरपार गेला. मामा काहीच बोलले नाहीत.

गिअरचं काम त्यामानानं सोपं निघालं. गाडी खड्ड्यावर घेतली, चाकांना लाकडं लावली. मी वरून लिव्हर हलवला, मिस्त्री खालून बघत होते. लिव्हर हलतो पण दांडी हलत नाही, ती जागा म्हणजे दोष! लिव्हरच्या बुडाचा प्लॅस्टिकचा तुकडा फुटला होता आणि दांडीचे बुश झिजून गेले होते. नवे बुश आठवड्याच्या भाजीइतक्या पैशांत आले. ग्रीस लावून बसवले आणि दुसरा गिअर टक्कन दुसऱ्यातच पडला.

खरा खर्च पत्र्याचा. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, रेड ऑक्साइड मारायचं, नमदं बदलायचं. सीटचे बोल्ट ज्या पत्र्यात बसतात तोच कुजला, तर धडकेत सीटचा भरवसा नाही. मिस्त्री म्हणाले, "गिअरनं नाही मरत जी गाडी, पत्र्यानं मरते."

एट हंड्रेडची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची पहिली गाडी हीच. पण सरकारी नियमात 'व्हिंटेज' व्हायला ५० वर्षं लागतात. म्हणजे एकही एट हंड्रेड अजून त्यात बसत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. जपायची असेल, तर ती तपासणी पास होईल अशीच जपावी लागते.

तुमच्याही अंगणात अशी एखादी उभी असेल, तर या पावसाळ्यानंतर एवढं करा. पुढच्या मॅटखाली हात घाला. ओल लागली, तर कार्पेट उचलून उन्हात टाका. गाडीखाली जायचं असेल, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच जाऊ नका. खड्डा नाहीतर पक्के स्टँड हवेतच. आणि 'गिअरबॉक्स गेला' असं कुणी म्हणालं, तर आधी इंजिन बंद करून लिव्हर हलवून बघा.

मामांनी भंगारवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. वेल्डिंगला पुढच्या पगारानंतरची तारीख ठरली. तोवर गाडी कुठं न्यायची नाही, असं मिस्त्रींनी बजावलंय. ती त्यांच्या शेडमध्ये उभी आहे. कार्पेट कुंपणावर वाळतंय. आम्ही दोघं एसटीनं निघालो. मूलच्या चौकात बस थांबली, तेव्हा मामांचा डावा हात आपोआप हवेत दुसरा गिअर टाकत होता.