कॅमेलिऑन पाळण्याआधी दूर करायचे गैरसमज

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, जर्मनीत कॅमेलिऑन प्राण्यांच्या दुकानात सहज विकत मिळतो. तिथल्या मराठी घरांतली मुलंही तो मागतात. आईबाबांना वाटतं, बरंच झालं: फिरायला न्यायला नको, केस गळायचे नाहीत, एका पेटीत गप पडून राहील. पहिला गैरसमज हाच. सरपटणाऱ्या पाळीव प्राण्यांमध्ये नवख्या माणसाला सर्वांत जड जाणाऱ्यांत कॅमेलिऑन येतो, आणि दुर्लक्षापेक्षा चुकीच्या समजुतींमुळे त्याचे जास्त हाल होतात.

‘आपल्या रानातलाच पकडून पाळू.’ भारतात कॅमेलिऑनची एकच जात आहे, ती म्हणजे घोयरा. कुंपणावर बसून मान हलवणारा नेहमीचा सरडा वेगळा. घोयरा चिमट्यासारख्या पायांनी फांदी घट्ट धरतो, शेपटीची गुंडाळी करतो आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवतो. त्याला विष नसतं, तरी विषारी समजून माणसं त्याला ठेचतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार त्याला पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. बाहेरच्या जाती भारतात पाळायच्या तर त्यांची परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. म्हणजे पाळण्याची खरी गोष्ट परदेशातल्या दोन जातींची: यमन आणि सौदी अरेबियातला व्हेल्ड कॅमेलिऑन आणि मादागास्करचा पँथर कॅमेलिऑन.

‘ज्या रंगावर ठेवाल, तो रंग घेतो.’ हा समज सगळ्यांत जुना आणि पाळणाऱ्यासाठी सगळ्यांत घातक. रंग बदलतो तो मुख्यतः मनःस्थिती, तापमान आणि दुसऱ्या कॅमेलिऑनला द्यायच्या इशाऱ्यांनुसार. त्याच्या त्वचेत ग्वानीनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. तो शांत असताना स्फटिक जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात. त्वचेतल्या पिवळ्या रंगद्रव्यात मिसळून तो आपल्याला हिरवा दिसतो. चिडला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि पिवळे-लाल रंग उमटतात. जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये पँथर कॅमेलिऑनमध्ये हे दाखवून दिलं. त्यामुळे रंग बघण्यासाठी मुलं त्याला लाल टॉवेलवर, निळ्या उशीवर ठेवतात, तेव्हा दिसतो तो बहुतेकदा भीतीचा रंग. दिवसाढवळ्या काळपट पडलेला कॅमेलिऑन एक तर गारठलेला असतो, नाही तर घाबरलेला किंवा आजारी. रात्री झोपेत मात्र तो फिकट होतो, त्याची काळजी नको.

‘हातावर शांत बसतो, म्हणजे माणसाळला.’ नाही. हालचाल थांबवणं हाच त्याचा बचाव आहे. अंग चपटं करणं, तोंड वासून फुसकारणं, डुलत मागे सरकणं या सगळ्याचा अर्थ ‘सोडा मला’ असाच असतो. वरून आलेला हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. तो बघायचा प्राणी आहे, खेळवायचा नाही. घरातल्या लहान मुलाला हे पटणार नसेल तर दुसरा प्राणी निवडावा.

‘वाटीत पाणी ठेवलं की झालं.’ साचलेलं पाणी त्याला सहसा ओळखताच येत नाही. पानावर चमकणारा, ओघळणारा थेंब दिसला की तो जीभ लावतो. म्हणून पिंजऱ्यात मनीप्लांट, जास्वंद अशी जिवंत झाडं हवीत, त्यांवर रोज फवारा हवा, शिवाय थेंब थेंब पाणी पाडणारी सोय हवी. पाणी पुरतंय का, हे विष्ठा सांगते. तिच्यासोबत पडणारा घट्ट भाग पांढरा असेल तर ठीक. तो नारिंगी दिसू लागला, डोळे खोल गेले, की पाणी कमी पडतंय.

‘काचेची पेटी खिडकीत ठेवली की ऊन मिळतं.’ एका वाक्यात तीन चुका. खिडकीची काच उन्हातले यूव्हीबी किरण जवळजवळ सगळे अडवते. बंद काचपेटी उन्हात भट्टीसारखी तापते. आणि काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर तो त्याला प्रतिस्पर्धी समजतो. पूर्ण वाढलेल्या व्हेल्डला साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच जाळीचा, हवा खेळती ठेवणारा पिंजरा लागतो. यूव्हीबी नसेल तर शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसेल तर कॅल्शियम शोषलं जात नाही, आणि मग हाडं मऊ पडतात. पाय धनुष्यासारखे वाकतात, फांदीवरची पकड सुटते, जीभ नेमकी मारता येत नाही. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. त्यासाठी लावायची यूव्हीबीची नळी पेटलेली दिसत असली तरी तिचे किरण हळूहळू क्षीण होतात. उत्पादकाने दिलेल्या मुदतीत, साधारण सहा ते बारा महिन्यांत, ती बदलावीच लागते. ऊब देणारा दिवा पिंजऱ्याच्या आत कधीच नको. जवळच्या दिव्याने डोक्यावरचा तुरा भाजतो, तरी कॅमेलिऑन वेळेवर बाजूला होईल याचा भरवसा नसतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. रातकिडे, झुरळं ही दुकानातून, खाद्यासाठी वाढवलेलीच आणावीत आणि आधी त्यांना पालेभाज्या चारून, कॅल्शियमची भुकटी लावून द्यावीत. ड-३ आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची भुकटी मात्र जपून, कारण त्यांचा अतिरेकही बाधतो. अंगणातले काजवे कधीही देऊ नयेत. त्यांच्यातलं विष सरड्यांचा जीव घेऊ शकतं.

‘एकटी मादी आहे, अंड्यांचा प्रश्न नाही.’ नर जवळ नसतानाही व्हेल्डची मादी फलित न झालेली अंडी घालते. त्यासाठी तिला ओलसर वाळू-मातीची खोल कुंडी लागते, बोगदा उकरता येईल अशी. ती नसेल तर अंडी पोटातच अडकून मादी दगावते. पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा घालणारी, कोपरे खरवडणारी मादी भुकेली नसते, ती जागा शोधत असते. अशा वेळी कुंडी ठेवून पिंजरा झाकावा आणि डोकावणं बंद करावं. कोणी बघतंय असं वाटलं तर ती उकरणं सोडून देते. तिचं खाणं आणि तापमान माफक ठेवलं तर अंड्यांची संख्याही आटोक्यात राहते.

‘एकटा कंटाळेल, जोडी आणू.’ कॅमेलिऑन एकांडा प्राणी आहे. दुसरा सतत समोर असणं हीच त्याला शिक्षा. एका पिंजऱ्यात एकच.

दिवसा डोळे मिटून बसलेला कॅमेलिऑन दमलेला नसतो, आजारी असतो. आजार शक्य तितका लपवणं हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून प्राणी घरी आणण्याआधी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर शोधून ठेवा, आणि प्राणी रानातून पकडलेला नसून पैदाशीतला आहे याची खात्री करा. महाराष्ट्रात असाल तर मात्र घोयरा घरी नेऊ नका. तो रस्त्यात जखमी दिसला किंवा कोणी विकताना आढळला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.