जनता कॉलनी ते लल्लूभाई कंपाउंड

मुंबईला जे डोळ्यांसमोर नको असतं, ते ती पूर्वेला सरकवते. १९२७मध्ये देवनारला शहराचा कचरा पडायला लागला, पुढं कत्तलखाना आला. आणि माणसं तर येतच राहिली. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत शहरातल्या ठिकठिकाणांहून उठवलेल्या लोकांना मानखुर्दच्या बाजूला आणून सोडलं गेलं आणि जनता कॉलनी नावाची वस्ती वाढत गेली. म्हणजे घुसखोरी नव्हे, पालिकेनंच बसवलेली वस्ती. तिच्या पुढच्या साठेक वर्षांकडे मागं वळून पाहण्याचं कारण असं, की पुढारीपण म्हणजे काय याचे दोन्ही नमुने तिथं सापडतात. चांगला आणि अपुरा.

१९६३च्या सुमारास कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या भागातून आलेला जॉकिन अर्पुथम नावाचा तरुण सुतारकाम करत या वस्तीत राहू लागला. रस्त्यावर झोपला, मिळेल ते काम केलं, पोरांना जमवून गाणी म्हणायला लागला आणि त्यातून एक शाळेसारखं काहीतरी उभं राहिलं. वस्तीतला कचरा पालिका उचलत नव्हती. अर्ज करून झाले असतीलच. जॉकिन पुढं हा किस्सा अनेकदा सांगत: पोरांची सहल काढली, प्रत्येकाच्या हातात कागदात बांधलेला कचरा दिला आणि तो चेंबूरच्या पालिका कार्यालयापुढं नेऊन टाकला. मग पालिका आणि वस्ती यांच्यात कचऱ्याबद्दल बोलणी सुरू झाली.

यात गंमत आहे तशी अक्कलही आहे. मोर्चा म्हटला की पोलीस येतात. सहलीला निघालेल्या पोरांचं काय करायचं, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं. समोरच्या अधिकाऱ्याला कुठं अडचण होईल आणि आपल्या माणसांना कशात मजा वाटेल, हे दोन्ही एकाच वेळी ओळखणारा माणूस तिथं होता.

तरी ही हुशारी जनता कॉलनीला वाचवू शकली नाही. शेजारच्या भाभा अणुसंशोधन केंद्राला ती जमीन हवी होती. कोर्टकचेऱ्या झाल्या, जॉकिन दिल्लीपर्यंत गेले. मग आणीबाणी आली आणि मे १९७६मध्ये सत्तर हजारांच्या आसपास माणसांची वस्ती पाडून ती चिता कॅम्पच्या दलदलीकडे हलवण्यात आली. इतकी लोकं, इतकी एकजूट, आणि हातात उरलं काय, तर दुसरी ओसाड जागा. या पराभवातून जॉकिन जे शिकले ते मला त्यांच्या सगळ्या कामात महत्त्वाचं वाटतं. बुलडोझर आडवं पडून थांबवता येतो, पण एक दिवस. त्यानंतरही टिकायचं तर सरकारकडे नसलेलं काहीतरी आपल्याकडे हवं.

ते काहीतरी म्हणजे मोजणी.

ऐंशीचं दशक मुंबईच्या अर्थकारणाची कूस पालटणारं. जानेवारी १९८२मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि कायम नोकरीची चाळ-संस्कृती त्याबरोबर ओसरत गेली. त्याच्या आधीच, १९८१मध्ये, मुख्यमंत्री अंतुल्यांनी फुटपाथवरच्या लोकांना शहराबाहेर पाठवण्याची घोषणा केली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानं उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं, आणि त्याच निकालात नोटीस देऊन हटवायला मोकळीकही ठेवली. पुस्तकात हा निकाल मोठा. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बाईला मात्र पावसाळ्यानंतर झोपडी जाणार एवढंच कळलं.

१९८४मध्ये शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ सुरू केली होती. त्यांनी १९८५मध्ये या फुटपाथवरच्या सहा हजारांच्या आसपास कुटुंबांची गणना केली. कुठून आले, काय कमावतात, कामाला किती चालतात. पुढं जॉकिन यांची झोपडपट्टीवासीयांची राष्ट्रीय संघटना आणि बायकांची ‘महिला मिलन’ यांची ‘स्पार्क’शी जोडी जमली. महिला मिलनची बचत रोजची होती, दोन-पाच रुपयांची. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यासाठी वेगवेगळ्या रकमांना वेगवेगळ्या रंगांचे कागदाचे तुकडे ठरवले गेले. पिशवीत कोणत्या रंगाचे किती कागद आहेत हे बघून बाई आपला हिशेब सांगत असे. बँकेनं निरक्षर म्हणून परत पाठवलेल्या बाईकडे पाहून ज्याला ही युक्ती सुचली, त्याला पुढारीपणाचे वर्ग लावायची गरज नव्हती.

अलीकडे असे वर्ग जोरात आहेत, म्हणून म्हटलं. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२३च्या रोजगारविषयक अहवालात उद्योगांना हव्या असलेल्या कौशल्यांत सर्जनशील विचार दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि दुसऱ्याचं मन जाणून ऐकणं पहिल्या दहांत. यंत्रं आकडेमोड करू लागल्यावर कंपन्यांना ही जाणीव झाली. ज्यांचं काम दर पाच-दहा वर्षांनी बदलतं आणि घर दर पावसाळ्यात मोडतं, त्या लोकांमध्ये या दोन गोष्टींशिवाय कुणी पुढारी टिकलाच नसता.

घराचंही तसंच झालं. महिला मिलनच्या बायकांनी साड्या, कापड आणि लाकडी सांगाडे वापरून घराचे पूर्ण मापाचे नमुने उभे केले. साडीची लांबी माहीत असते, फुटांची नसते. त्यातून पुढं आलं उंच छताचं आणि माळ्याचं घर: खाली संसार, वर झोपायला जागा. शौचालय मात्र घरात नको, ते सामायिक असू द्या, असंही अनेकींनी सांगितलं. वास्तुशास्त्राच्या कुठल्याही परीक्षेत हे उत्तर चुकलं असतं. भायखळ्याच्या फुटपाथवरची काही कुटुंबं बऱ्याच वर्षांनी मानखुर्दच्या मिलन नगरात राहायला आली, तेव्हा या गणिताचा थोडाफार उपयोग झाला.

पण मानखुर्दला खरं वळण मिळालं रेल्वेमुळं. १९९२मध्ये हार्बरची गाडी खाडी ओलांडून वाशीला पोचली. लोहमार्गालगतच्या झोपड्यांमुळं शहरभर गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागत होता. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी हजारो कुटुंबं हलवायची होती. माजी मुख्य सचिव द. म. सुखठणकर यांच्या कार्यगटानं पुनर्वसनाची चौकट आखली, १९९७मध्ये राज्याचं धोरण आलं. २०००च्या सुरुवातीला हार्बर मार्गावर तोडकाम झालं, लोक रुळांवर उतरले. त्यानंतर सलोख्यानं स्थलांतराचा रस्ता खुला झाला. वस्त्यांनी स्वतः याद्या केल्या, गट केले, आपल्या झोपड्या आपणच मोडल्या आणि मानखुर्दच्या संक्रमण शिबिरांत गेल्या. त्याच वर्षी जॉकिनना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मग मानखुर्दलाच लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीच्या इमारती आल्या, आणि इथं माझी या कथेशी फारकत होते. २२५ चौरस फुटांची खोली, फुकट, पक्की. कागदावर सगळं ठीक. पण इमारती इतक्या जवळ बांधल्या गेल्या की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लागतो. जोडलेल्या साड्यांनी घर मोजणाऱ्या बायका या आराखड्याच्या टेबलाशी नव्हत्या. तिथं घनतेचे नियम शिथिल करणारी फाईल होती. कामधंद्याचंही तसंच. कुर्ल्याला चार घरची धुणीभांडी करणारीला मानखुर्दहून रोजचा प्रवास परवडेना. २००४मध्ये कुर्ल्याच्या दुकानदारांनी जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार नेली: गाळा मिळेल, पण गिऱ्हाईक कुठून आणणार? पॅनेलनं प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले आणि मार्च २००६मध्ये बँकेनं रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचं कर्ज काही महिने रोखून धरलं. हा प्रश्न आधी कुणी विचारला असता तर त्याला वॉशिंग्टनचा फेरा पडला नसता.

जॉकिन १३ ऑक्टोबर २०१८ रोजी गेले. त्याच वर्षी ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा लल्लूभाई कंपाउंड आणि शेजारच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास गाजला. उजेड आणि हवा न पोचणाऱ्या खोल्यांत क्षयरोग अधिक आढळत होता. हा सगळा भाग एम पूर्व विभागातला, ज्याला मुंबईच्या २००९च्या मानव विकास अहवालात सगळ्यांत खालचा, ०.०५ एवढा निर्देशांक मिळाला होता.

यात जॉकिन आणि शीला पटेल यांचं अपयश किती आणि यंत्रणेचं किती, हा वाद अजून संपलेला नाही. माझं मत असं, की त्यांनी लोकांना हलण्याच्या प्रक्रियेत मालक केलं आणि बांधकामाच्या प्रक्रियेत यंत्रणेनं त्यांना पुन्हा लाभार्थी केलं. यादी कोण करणार हे वस्तीनं ठरवलं. खिडकी कुठं असणार हे नाही.

२०२४मध्ये राज्य सरकारनं धारावीच्या पुनर्विकासासाठी देवनारच्या कचराभूमीची सव्वाशे एकरांच्या आसपास जमीन मंजूर केली. कुंभार, चामड्याचे कारागीर, इडली विकणारे, भंगार वेचणारे यांच्यातले जे धारावीत ‘अपात्र’ ठरतील, त्यांतले बरेच इकडे येऊ शकतात. त्या जागेच्या आराखड्यात दोन इमारतींमध्ये किती मीटर सोडले आहेत, आणि भट्टी लावायला जागा कुठं आहे, हे दोन आकडे आत्ताच जाहीर मागायला हवेत. एक लल्लूभाई कंपाउंड त्या जागेच्या दाराशीच उभं आहे.