दोन माइक, एक गिटार आणि मिक्सर

‘मिक्सर घ्यायचाय’ असं मी घरी म्हणालो, तेव्हा बायकोने ओट्यावरच्या मिक्सरकडे पाहिलं आणि विचारलं, ‘का? हा चांगला चाललाय की.’ माझा मिक्सर आवाजाचा होता. काम तसं दोघांचंही मिसळण्याचं. पण चटणीत खोबरं आणि लसूण एकजीव व्हावे लागतात. इथे आवाज एकत्र येऊनही आपापले वेगळे राहावे लागतात. हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं, तेही फजिती झाल्यावर.

२०२३च्या डिसेंबरात मिरजेजवळच्या एका गावात, वाचनालयाच्या सभागृहात आमचा कार्यक्रम होता. मी कविता म्हणायच्या, भाच्याने मागे गिटार वाजवायची, मधूनमधून दोन-तीन गाणी गायची. तिसऱ्या रांगेत माझी अम्मी बसली होती. वय ऐक्याऐंशी, एका कानाने कमी ऐकू येतं. ती उर्दू वाचते, मराठी वाचता येत नाही. बोललेली मराठी मात्र तिला बाजारहाटामुळे, शेजारपाजारामुळे नीट समजते. म्हणजे गेली तीस वर्षं मी जे लिहीत आलो, ते तिच्यापाशी पोचायचं तर कानावाटेच. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच ऐकायला आली होती.

ध्वनिव्यवस्था मंडपवाल्याची होती. भाच्याच्या गिटारीच्या लाकडी पोटाला आतून नाण्याएवढी चकती चिकटवलेली आहे. तिची वायर त्याने सरळ मिक्सरमध्ये खुपसली. पत्र्याच्या डब्यावर तारा ताणाव्यात तसा आवाज येऊ लागला. मंडपवाल्याने तो भरदार करायला बटणं पिळली, तशी शिट्टी वाजली. मग त्याने घाबरून सगळंच खाली आणलं, त्यात माझा माइकही गेला. परतताना रिक्षात अम्मी आमच्या दखनीत एवढंच म्हणाली, की बाजा ऐकला, तू काय बोललास ते नाही ऐकलं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. ओहम कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. पण मिरजेत राहण्याचा एक फायदा असतो. आमच्याकडे सतारी आणि तानपुरे करणाऱ्या कारागिरांची गल्लीच आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका वयस्कर कारागिराला मी आमची कर्मकथा ऐकवली. ते म्हणाले, ‘तारेला स्वतःचा आवाज किती असतो? आवाज भोपळ्याचा असतो.’ त्यांच्या या वाक्याने मला अर्धा उलगडा झाला. गिटारीतही तार फक्त हलते, आवाज पोटाचा असतो. ती चकती पोटाचं कंपन विजेत बदलते, पण तो प्रवाह फार अशक्त. मिक्सरच्या नेहमीच्या लाइन इनपुटचा विरोध साधारण दहा हजार ओहम असतो आणि अशा चकतीला निदान दहा लाख ओहम लागतात. त्यापेक्षा कमी मिळाले की पहिल्यांदा खर्ज गळतो. उरतो तो पत्रा.

याला उपाय आहे डी.आय. बॉक्स नावाची लहानशी डबी. ती गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये बसते, चकतीला हवा तेवढा विरोध देते आणि आवाज माइकसारख्या तीन पिनांच्या वायरीतून पुढे पाठवते. चकतीसाठी ही डबी ‘अ‍ॅक्टिव्ह’ प्रकारची घ्यावी. तिला लागणारी वीज मिक्सरमधूनच, त्याच वायरीतून, ४८ व्होल्टने जाऊ शकते. त्याला फँटम पॉवर म्हणतात. कंडेन्सर माइकलाही हीच वीज लागते. मिक्सर घेताना हा खटका आहे का, एवढं आधी पाहावं. ज्या गिटारीच्या कडेला बटणं आणि आत नऊ व्होल्टची बॅटरी असते, तिला ही डबी नसली तरी चालतं.

आता मोजदाद. माझा माइक एक, भाच्याचा गाण्याचा माइक दोन, डबीतून येणारी गिटार तीन. म्हणजे तीन पिनांची तोंडं तीन हवीत. इथे दुकानात माणूस हमखास फसतो. खोक्यावर ‘सहा चॅनेल’, ‘दहा चॅनेल’ असं मोठ्या अक्षरात असतं, पण त्यात मोबाइल वगैरे जोडायच्या डाव्या-उजव्या जोड्याही मोजलेल्या असतात. यामाहाच्या एमजी०६मध्ये इनपुट सहा, पण माइक लागतात दोनच. एमजी१०मध्ये इनपुट दहा आणि माइक चार. एकटा गाणारा-वाजवणारा असेल तर पहिला पुरतो. आम्हाला चारवालाच हवा होता. त्याच मालिकेत नावापुढे ‘एक्स’ असला तर आत घुमाऱ्याचे इफेक्ट असतात, ‘यू’ असला तर संगणकाला जोडायची यूएसबी असते. गाण्याला थोडा घुमारा शोभतो. कवितेला अजिबात नको, शब्द विहिरीत पडल्यासारखे वाटतात. आणि यूएसबीबद्दल एक सांगून ठेवतो: अशा बहुतेक लहान मिक्सरांतून संगणकात मिसळलेला आवाजच जातो. गिटार वेगळी, गळा वेगळा असं नंतर सोडवता येत नाही.

माइकमधून निघणारी वीज काही मिलिव्होल्टच असते. मिक्सर तिला शंभर ते हजार पट करतो. ते काम सगळ्यात वरच्या ‘गेन’च्या बटणाचं. मंडपवाला खालची पट्टी वरखाली करत होता आणि गेनला हातही लावत नव्हता. रीत उलटी आहे. आधी आपण सगळ्यात मोठ्यांदा जेवढं म्हणणार तेवढं म्हणून दाखवायचं, लाल दिवा लुकलुकला की गेन किंचित मागे घ्यायचा. मग पुढचा सगळा कार्यक्रम पट्टीवर.

आणि आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. शब्दाचा नाद स्वरांत असतो, पण शब्द ओळखू येतो तो बराचसा व्यंजनांमुळे. ‘सार’ आणि ‘चार’ यांतला फरक क्षणभराच्या घर्षणात असतो. व्यंजनांची ही धार मुख्यतः दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास राहते, आणि गिटारीच्या तारांची चमकही नेमकी तिथेच येऊन बसते. म्हणून मधल्या पट्टीचं वेगळं बटण असलेलाच मिक्सर घ्यावा; फक्त बास आणि ट्रेबल असलेला नको. कविता चालू असताना गिटारीची मधली पट्टी जरा उतरवायची. माझा आवाज वाढवावा लागला नाही आणि शब्द मोकळे झाले. दुसरं एक लहान बटण असतं, ऐंशी किंवा शंभर हर्ट्झखालचं सगळं कापणारं. ते माझ्या माइकवर दाबलेलं, कारण ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना तोंडची हवा माइकवर आपटते. गिटारीवर मात्र ते जपून, तिची सगळ्यात जाड तार ब्याऐंशी हर्ट्झवरच लागते. शिट्टी थांबवायला त्या बटणापेक्षा कर्णा माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवणं अधिक उपयोगी. आम्ही तो मागे ठेवला होता.

घुंघुं आवाज येत असेल तर मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावून पाहा. अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग भेटतात. त्यांचं ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

मागच्या फेब्रुवारीत आम्ही आमच्याच अंगणात पुन्हा बसलो. वीसेक माणसं, चार माइकांचा मिक्सर, ती डबी, एक कर्णा. अम्मीची खुर्ची मुद्दाम तिसऱ्या रांगेतच ठेवली. न्हाणीघरातल्या बंबाची माझी एक जुनी कविता आहे, ती मी म्हटली. सगळे गेल्यावर अम्मीने मला जवळ बोलावलं आणि सांगितलं, की बंब पितळेचा नव्हता, तांब्याचा होता.