गर्दीतली धडधड

परभणी स्थानकावर परळीची गाडी लागते आणि सूनबाईंची छाती धडधडूं लागते. हात गार पडतात, श्वास कोंडतो. ‘आतां प्राण जातो’ असें वाटून त्या घरीं परततात. गंगाखेडचें गोदास्नान राहून जातें. कोणी त्यास नाटक म्हणतें, कोणी बाहेरची बाधा. दोन्ही समजुती चुकीच्या.

संकटांत पळून जातां यावें म्हणून निसर्गानें अंगांत जी तयारी ठेविली आहे, ती येथें संकटावांचून जागी होते. हा झटका बहुधा दहा मिनिटांत कळसास पोंचतो व ओसरतो. त्यानें प्राण जात नाहीं. मात्र हृदयविकार नाहीं, याची डॉक्टरांकडून प्रथम खात्री करून घ्यावी.

झटका आल्यास फलाटावरच बसावें, श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडावा. सोबत्यानें दटावूं नये; ‘मी आहें, हें ओसरेल,’ एवढेंच म्हणावें. दरवेळीं परत फिरल्यानें भय बळावतें. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी ‘टेलिमानस’चा सल्ला विनामूल्य मिळतो.

सून घराबाहेर पडत नाहीं, याचें आपण कौतुक करतों. तो विनय कीं भय, हें तिला एकदां विचारावें.