तार गप्प झाली तर?

मुलांनो, घरच्या दाराची बेल कशी वाजते, ठाऊक आहे ना? बटण दाबलं, की विजेचा तुटलेला रस्ता जोडला जातो आणि ‘टिंग टाँग’! आता समजा, बेलची तार उंदराने कुरतडली. पाहुणे बाहेर बटण दाबत राहतील आणि आपण आत निवांत बसून राहू. फार तर पाहुणे रागावतील, एवढंच.

पण हेच कारखान्यात घडलं तर? तिथे मोटारीचे पत्रे जोडणारा रोबो आपला लोखंडी हात झपाझप फिरवत असतो. त्याच्या टप्प्यात चुकून एखादा कामगार आला, कुणीतरी धावत जाऊन ‘थांब’चं बटण दाबलं आणि नेमकी तार तुटलेली निघाली तर? म्हणूनच कारखान्यातल्या तारा फार विचार करून घालतात. कसा विचार करतात, ते आज पाहू या.

तारांचं जंगल

पूर्वी यंत्राने केव्हा सुरू व्हायचं, केव्हा थांबायचं हे रिले ठरवत. रिले म्हणजे विजेने आपोआप उघडझाप करणारा खटका. असे शेकडो रिले मोठमोठ्या कपाटांत बसवून तारांनी एकमेकांना जोडलेले असत. मोटारीचं नवं मॉडेल आलं, की यंत्राचं काम बदलायचं. मग साऱ्या तारा सोडवायच्या आणि पुन्हा नव्याने जोडत बसायचं!

या त्रासातून सुटका करणारं साधन अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीला १९६८ साली हवं होतं. त्याच सुमारास डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्यासाठी एक दणकट संगणकच बनवला. तो त्यांचा ८४ वा प्रकल्प, म्हणून त्याचं नाव ‘मोडिकॉन ०८४’. आता काम बदललं तरी तारा तशाच ठेवायच्या, संगणकाला दिलेल्या सूचना तेवढ्या बदलायच्या. अशा साधनाला आज ‘पी.एल.सी.’ म्हणतात.

तरी प्रत्येक खटक्यापासून पी.एल.सी.पर्यंत वेगळी तार ओढावी लागेच. पुढे एकाच केबलवरून अनेक यंत्रांचे निरोप धाडण्याची युक्ती निघाली. आज कित्येक कारखान्यांत हे काम इथरनेट केबल करते. तुमच्या शाळेतले संगणक जोडणारी केबल असते ना, तिचीच ही भावंडं. पण कारखान्यातलं भावंड अधिक काटक!

गोंगाटात ऐकू कसं येतं?

मोठी मोटर सुरू झाली, की शेजारच्या तारांमध्ये नको असलेली वीज उमटते. हा विजेचा गोंगाट. त्यात निरोप हरवू नये म्हणून दोन तारा एकमेकींभोवती पिळतात. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांची, १८८१ सालची!

पीळ दिल्याने काय होतं? पावसात दोन मैत्रिणी रस्त्याच्या कडेने चालल्या आहेत. गाड्या चिखल उडवताहेत. एकच मैत्रीण सतत रस्त्याच्या बाजूला राहिली, तर सगळा चिखल तिच्याच अंगावर. पण दर चार पावलांनी जागा बदलली, तर दोघींवर सारखाच उडेल. पिळलेल्या तारांचंही तसंच. गोंगाट दोघींवर सारखा पडतो.

आता थोडं गणित. पहिल्या तारेवर १०, दुसरीवर ४. निरोप म्हणजे दोघींतला फरक, ६. गोंगाटाने दोन्हींवर ३ वाढवले. झाले १३ आणि ७. फरक किती? ६ च! निरोप जसाच्या तसा पोचला. आहे की नाही गंमत? शिवाय वरून धातूच्या जाळीचं किंवा पातळ पत्र्याचं वेष्टण देतात. गोंगाट फारच असेल, तर काचेच्या तंतूतून प्रकाशाने निरोप धाडतात. प्रकाशाला मोटरच्या गोंगाटाची बाधाच होत नाही.

रोबोच्या हातातली केबल दिवसभर वाकत असते. जाड तार पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते, म्हणून तिथे केसासारख्या बारीक तारांचा जुडगा वापरतात. धक्क्याने जोड निसटू नये, म्हणून तो आट्यांनी घट्ट पिळून बसवतात.

हजेरी

इतकं करूनही तार तुटलीच तर? इथे खरी हुशारी आहे. कारखान्यातलं पिवळ्या पार्श्वभूमीवरचं लाल, अळंबीसारखं बटण बेलच्या अगदी उलट चालतं. त्यातून वीज सतत वाहत असते. बटण दाबलं, की ती थांबते आणि यंत्र बंद पडतं. तारच तुटली, तरीही वीज थांबते. म्हणजे यंत्र बंद!

केबलवरून निरोप धाडणारी यंत्रंही असाच नियम पाळतात. वर्गात बाई हजेरी घेतात, तशी पी.एल.सी. यंत्रांची हजेरी घेत राहते. काही ठिकाणी तर एका सेकंदात हजार वेळा! ठरलेल्या वेळात ‘हजर’ आलं नाही, तर काहीतरी बिघडलं असं धरून यंत्र सुरक्षितपणे थांबवतात. घरी मोबाइलवरचं चित्र अडकलं तर आपण थोडं थांबतो. रोबोला उशिरा आलेला ‘थांब’ काय कामाचा?

म्हणजे निरोप आला नाही, तर ‘सगळं ठीक असेल’ असं यंत्राने समजायचं नाही. आधी थांबायचं, मग कारण शोधायचं. त्यात थोडा माल कमी निघेल, पण माणसाचा हात वाचेल.

आता तुमच्यासाठी काम. कुठेही न जोडलेल्या, टाकाऊ इथरनेट केबलचा तुकडा मिळवा आणि मोठ्यांकडून वरचं आवरण सोलून घ्या. विजेच्या दुसऱ्या कुठल्याही तारेला मात्र हात लावायचा नाही हं! आत नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा चार जोड्या दिसतील. प्रत्येक जोडीचा पीळ सारखाच घट्ट आहे का, नीट पाहा. नसेल, तर का नसेल बरं? आणि घरातलं कुणी चाकणला, वाळूजला किंवा बुटीबोरीला कारखान्यात कामाला असेल, तर त्यांना आज विचारा, “तुमच्या यंत्राचं लाल बटण कुठे आहे?”